साडेतीन स्टार म्हणजे नक्की किती?

शुक्रवार उजाडला की एकाच सिनेमाचे चार निकाल मुंबईकराच्या हातात येऊन पडतात. सकाळच्या पेपरात अडीच स्टार. तिकिटांच्या ॲपवर दहापैकी ८.९. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पोस्टरवर पाच स्टार आणि खाली 'यंदाचा सर्वोत्तम मराठी चित्रपट'. सिनेमा परदेशी महोत्सव करून आला असेल तर '९५ टक्के' आणि 'आठ मिनिटं टाळ्या' यांची भर. चौघांची तिकिटं, पॉपकॉर्न आणि रिक्षा धरली तर खिशाला चांगलीच कात्री लागते. त्यामुळे यातलं काय धरायचं, हा प्रश्न घरोघरी पडतो.

पुष्कळ जण 'सगळे विकले गेलेत' म्हणून विषय संपवतात. मला ते पटत नाही. हे आकडे सहसा खोटे नसतात. प्रत्येक आकडा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो आणि तो प्रश्न शेजारी छापलेला नसतो, अडचण तिथे आहे.

टक्के आणि गुण

'रॉटन टोमॅटोज' हे अमेरिकी संकेतस्थळ १९९८ साली सुरू झालं. ठिकठिकाणची परीक्षणं तिथे गोळा होतात आणि प्रत्येक परीक्षण दोनपैकी एका खात्यात जातं: अनुकूल किंवा प्रतिकूल. एकूण परीक्षणांपैकी अनुकूल किती, तो झाला टक्का. ६० किंवा त्याहून जास्त असेल तर ताजा लाल टोमॅटो, कमी असेल तर हिरवा शिंतोडा. समीक्षकाला सिनेमा किती आवडला, याचा त्या टक्क्यात पत्ताच नसतो.

दहावीच्या निकालाशी ताडून पाहा. एका शाळेतली सगळी मुलं जेमतेम चाळीस-पंचेचाळीस गुण मिळवून पास झाली, तरी फाटकावर फलक लागतो: 'शाळेचा निकाल १०० टक्के'. शेजारच्या शाळेत साठ टक्के मुलांनी नव्वदच्या वर गुण मिळवले आणि चाळीस टक्के नापास झाली, तर तिचा निकाल ६० टक्के. कोणती शाळा चांगली? निकालाच्या टक्क्यावरून ते सांगता येत नाही, कारण ३५ ची रेघ कोणी ओलांडली एवढंच तो मोजतो.

आता सिनेमा घ्या. दहा समीक्षकांनी पाचपैकी तीन-तीन स्टार दिले. सगळ्यांचं म्हणणं, 'ठीक आहे, बघायला हरकत नाही.' टक्का १००. दुसऱ्या सिनेमाला सहा जणांनी पाचपैकी पाच दिले आणि चौघांनी एक. टक्का ६०. सरासरी काढलीत तर पहिल्याचे तीन स्टार आणि दुसऱ्याचे ३.४. म्हणजे ज्याची सरासरी जास्त, त्याचा टक्का चाळीसने कमी. हा दुसरा सिनेमा तुमच्या आयुष्यातला सर्वात आवडता ठरू शकतो किंवा मध्यंतरात तुम्ही उठून जाऊ शकता. पहिल्याच्या बाबतीत यातलं काहीच होण्याची शक्यता नाही. तेव्हा शंभर टक्क्यांचा खरा अर्थ 'कोणाची फारशी तक्रार नाही' इतकाच धरावा.

टक्का किती परीक्षणांवरून काढला आहे, तेही पाहायला हवं. हॉलिवूडच्या मोठ्या सिनेमाची तीन-चारशे परीक्षणं तिथे असतात. मराठी सिनेमाची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असली तर पाचातल्या एकाने मत फिरवलं की आकडा वीसने हलतो.

मग सरासरी बरी का?

'मेटाक्रिटिक' हे असंच दुसरं संकेतस्थळ सरासरी काढतं. प्रत्येक परीक्षणाला शंभरपैकी गुण. परीक्षणात आकडा नसेल तर तिथली माणसं मजकूर वाचून गुण ठरवतात आणि काही प्रकाशनांच्या मताला जास्त वजन देतात. कोणाला किती वजन, हे ते जाहीर करत नाहीत. त्यामुळे एकाच सिनेमाचे एकीकडे ९० टक्के आणि दुसरीकडे ६८ गुण दिसले तर गोंधळून जाऊ नका. दोन्ही आकडे एकाच वेळी बरोबर असू शकतात.

स्टारची गोष्ट आणखी वेगळी. वर्तमानपत्रात सिनेमाला तारे द्यायची पद्धत न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'मध्ये १९२८ साली आयरीन थायरर यांनी सुरू केली, असं मानलं जातं. त्यांची पट्टी तीन ताऱ्यांची होती. पुढे अमेरिकेत चारची पट्टी रूढ झाली, आपल्याकडे पाचची. म्हणून अमेरिकी समीक्षकाचे तीन स्टार आणि मुंबईच्या पेपरातले तीन स्टार एक नव्हेत. पहिले ७५ टक्के होतात, दुसरे ६०. शिवाय आपल्याकडे तीन स्टार ही समीक्षकाची सुरक्षित जागा होऊन बसली आहे. निर्माता रागावत नाही, वाचकही रागावत नाही. साडेतीनला मात्र माझ्या लेखी किंमत आहे. तो जादा अर्धा स्टार देताना समीक्षकाला काहीतरी ठरवावं लागलेलं असतं.

एका ओळीचा मजकूर

आकड्यापेक्षा त्याच्याखालची ओळ मी जास्त लक्ष देऊन वाचते. वीस-पंचवीस शब्दांत सिनेमाचा निकाल सांगणं अवघड काम आहे. चांगला समीक्षक एवढ्या जागेत दोन गोष्टी करतो: सिनेमा कशाच्या मागे आहे ते सांगतो आणि तिथवर पोहोचला का ते सांगतो. 'वडील गेल्यानंतरच्या दहा दिवसांची गोष्ट. बोलणं कमी, पण घरातली माणसं शेवटपर्यंत खरी वाटतात.' हा निकाल मला सिनेमा न आवडूनही उपयोगी पडला असता, कारण यात समीक्षकाची आवड आणि सिनेमाचं वर्णन वेगळं काढता येतं. 'कमी बोलणं' हे त्याला आवडलं, मला आवडणार नाही, हे मी तिथल्या तिथे ठरवू शकते.

याउलट 'छायाचित्रण उत्तम, संगीत श्रवणीय, अभिनय दमदार, पटकथा अजून बांधीव हवी होती' ही ओळ कुठल्याही सिनेमाला चालते. ती हजेरीपटासारखी भरलेली असते आणि तिच्यावरून समीक्षकाने नेमकं काय पाहिलं ते कळत नाही.

काही नेहमीचे शब्द मात्र ओळखायला शिकावं. 'संथ' याचे दोन अर्थ असतात. गोष्टीत काही घडत नाही म्हणून कंटाळा, हा एक. दिग्दर्शक मुद्दाम थांबून बघायला लावतो, हा दुसरा. समीक्षकाने यापैकी कोणता धरलाय, ते पुढच्या वाक्यात सापडतं, म्हणून तिथेच थांबू नये. 'प्रामाणिक प्रयत्न' म्हणजे हेतू चांगला, सिनेमा जमला नाही. 'वन टाइम वॉच' म्हणजे ओटीटीवर येईल तेव्हा पाहा, पण हे स्पष्ट लिहायचं टाळलं आहे. 'सेकंड हाफ ढेपाळतो' हे वाक्य मी गांभीर्याने घेते. ते लिहायला सिनेमा शेवटपर्यंत पाहावा लागतो आणि बहुतेकदा ते खरं निघतं. आणि 'प्रत्येक मराठी माणसाने पाहावा असा' या शिफारशीत सिनेमाबद्दल एक अक्षरही नसतं.

महोत्सवातला निकाल

महोत्सवांतून येणाऱ्या बातम्या सर्वात जास्त चकवतात. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात 'स्क्रीन इंटरनॅशनल' हे सिनेमाच्या धंद्याचं नियतकालिक वेगवेगळ्या देशांतल्या मूठभर समीक्षकांकडून स्पर्धेतल्या प्रत्येक सिनेमाला शून्य ते चार गुण घेतं आणि त्याचा तक्ता छापतं. या पट्टीवर दोन म्हणजे साधारण आणि तीन म्हणजे चांगला. आपल्या डोळ्यांना पाचची सवय, म्हणून २.८ पाहून आपण नाक मुरडतो. खरं तर तो आकडा चांगला आहे.

हा तक्ता म्हणजे ज्युरी नव्हे. बक्षीस देणारी ज्युरी वेगळी असते. तिच्यात बहुतेक दिग्दर्शक, नट आणि लेखक असतात आणि त्यांची चर्चा बंद दाराआड चालते. २०१६ साली या तक्त्यात 'टोनी एर्डमन' हा जर्मन सिनेमा ३.७ गुणांनी सगळ्यांच्या वर होता. ज्युरीने त्याला काहीही दिलं नाही. २०१८ साली कोरियाच्या 'बर्निंग'ने ३.८ चा विक्रम केला आणि त्याच्याही हाती ज्युरीचं बक्षीस आलं नाही. दोन्ही सिनेमांना समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं, म्हणजे फिप्रेस्कीचं पारितोषिक मिळालं. समीक्षकांना एक दिसलं, ज्युरीला दुसरं. यात लबाडी कोणाचीच नाही.

घाई हा महोत्सवाचा दुसरा दोष. समीक्षक दिवसाला तीन-चार सिनेमे पाहतो आणि मधल्या वेळात लिहितो. २०१८ साली कानने पत्रकारांना मुख्य प्रीमियरच्या आधी सिनेमा दाखवणं बंद केलं, त्यामुळे विचार करायला मिळणारा वेळ आणखी घटला. थकलेल्या माणसाला गडबडीचा, रंगीबेरंगी सिनेमा बरा वाटतो आणि शांत सिनेमा जड जातो. १९६० साली इटालियन दिग्दर्शक आंतोनिओनी यांच्या 'लाव्हेंचुरा'ची कानच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. दुसऱ्याच दिवशी अनेक दिग्दर्शकांनी आणि समीक्षकांनी सिनेमाच्या बाजूने सही करून निवेदन काढलं आणि ज्युरीने त्याला विशेष पारितोषिक दिलं. दोन वर्षांनी 'साइट अँड साउंड' मासिकाच्या जगभरातल्या समीक्षकांच्या कौलात तोच सिनेमा सर्वकालीन यादीत दुसरा आला. पहिल्या रात्रीचा निकाल इतका बदलू शकतो.

टाळ्यांच्या मिनिटांकडे तर दुर्लक्षच करावं. प्रीमियरला दिग्दर्शक आणि नटमंडळी सभागृहात बसलेली असतात, कॅमेरे त्यांच्याकडे वळलेले असतात आणि ती निघेपर्यंत टाळ्या वाजवत राहण्याचा तिथे रिवाज आहे.

आता आपल्या घरची उदाहरणं. पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' २०२४ साली कानच्या मुख्य स्पर्धेत होता. तीस वर्षांनी भारतीय सिनेमा तिथे पोहोचला आणि ग्राँ प्री, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक घेऊन आला. त्याच वर्षी ऑस्करसाठी भारताने मात्र वेगळा सिनेमा पाठवला. मुंबईच्या प्रेक्षकाला यात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. छाया कदम यांनी केलेली पार्वती इस्पितळात स्वयंपाक करते, तिचा नवरा गिरणी कामगार होता आणि आता घर तिच्या नावावर असल्याचा कागद नाही, म्हणून बिल्डर तिला बाहेर काढतोय. लालबाग-परळमध्ये वाढलेल्या माणसाला या एका 'कागद नाही'मध्ये पन्नास वर्षांचा इतिहास ऐकू येतो. परदेशी समीक्षक कितीही मनापासून लिहो, त्याच्या वीस शब्दांत तो येणार कसा? बाहेरून आलेलं कौतुक खरं असतं, पण ते त्यांच्या ठिकाणावरून दिसलेल्या सिनेमाचं असतं. आपल्या ठिकाणाहून लिहिलेलं परीक्षण त्यासाठीच वेगळं हवं.

रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी सिनेमाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक सिनेमा विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. आपल्याकडे तो चित्रपटगृहांत आला सप्टेंबरमध्ये. मधल्या आठ महिन्यांत बहुतेक मराठी वाचकांकडे सिनेमा नव्हता, फक्त त्याचे निकाल होते. इतके दिवस कौतुक ऐकल्यावर माणूस अवाढव्य काहीतरी पाहायच्या तयारीने जातो आणि समोर येतो वडिलांच्या दुखवट्यासाठी मुंबईहून गावी गेलेला तिशीतला मुलगा आणि त्याचा बालमित्र. अपेक्षा एवढी ताणलेली असली की हळुवार सिनेमावर अन्याय होतो.

मुंबईत परीक्षण कसं तयार होतं

मोठ्या हिंदी-मराठी सिनेमाचा प्रेस शो साधारण बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी असतो, कधी अंधेरी-जुहूकडच्या मल्टिप्लेक्समध्ये, कधी एखाद्या छोट्या प्रिव्ह्यू थिएटरात. सोबत बहुधा एम्बार्गो असतो, म्हणजे अमुक वेळेआधी परीक्षण छापायचं नाही ही अट. रात्री अकराला शो सुटतो आणि सकाळी सगळ्यांच्या आधी मजकूर गेला पाहिजे, असा संपादकाचा आग्रह असतो. पेपरातली जागा आखलेली, स्टार सक्तीचे. कधी प्रेस शोच ठेवत नाहीत. मग समीक्षक शुक्रवारी सकाळी तिकीट काढून पहिल्या शोला जातो आणि दुपारी लिहितो. निर्मात्याने सिनेमा आधी दाखवायचं टाळलं असेल किंवा एम्बार्गो अगदी शेवटच्या क्षणापर्यंत ओढला असेल, तर त्याचा स्वतःच्या सिनेमावर फार भरवसा नाही, असा तर्क करायला जागा असते.

'हिट' आणि 'फ्लॉप' हे शब्द या सगळ्याच्या बाहेरचे. ते ट्रेडचे, म्हणजे सिनेमाच्या धंद्याचे निकाल आहेत. खर्च किती, वसुली किती, एवढाच त्यांचा विषय. दोनशे कोटींचा सिनेमा शंभर कोटी मिळवून फ्लॉप होतो, तीन कोटींचा बारा मिळवून हिट. ट्रेड ॲनालिस्टची एका शब्दाची पोस्ट परीक्षण म्हणून वाचू नये.

प्रेक्षकांचे गुण जास्त खरे नाहीत का?

हा आक्षेप नेहमी येतो आणि त्यात तथ्य आहे. तिकीट काढून आलेल्या माणसाला निर्मात्याशी देणंघेणं नसतं. पण पहिल्या दिवशी मत देणारा कोण असतो? ज्याला तो नट आधीपासूनच आवडतो. अमेरिकेत 'सिनेमास्कोअर' ही संस्था १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांकडून श्रेणी घेते. तिथे साध्यासुध्या सिनेमालाही 'बी' सहज मिळतो, कारण तो पाहायची इच्छा असणारेच आलेले असतात. तो आकडा एवढंच सांगतो की ज्यांना हवं होतं, त्यांना ते मिळालं. तुम्ही त्यांच्यातले असाल तर तो तुमच्या फार कामाचा.

शिवाय ऑनलाइन मत द्यायला सिनेमा पाहावाच लागतो असं नाही. नटावर, दिग्दर्शकावर किंवा विषयावर राग धरून झुंडीने एक-एक स्टार दिले जातात. दुसऱ्या बाजूने झुंडीने दहापैकी दहाही पडतात. २०१९ साली रॉटन टोमॅटोजने प्रदर्शनापूर्वीच्या प्रेक्षक-प्रतिक्रिया बंद केल्या आणि तिकीट खरंच काढलेल्यांचे गुण वेगळे दाखवायला सुरुवात केली, ती यामुळेच. कुठल्याही ॲपवर ८.९ पाहाल तेव्हा सोमवारनंतर तो किती उरतो ते बघा.

पैसे घेऊन लिहितात, त्याचं काय?

काही ठिकाणी असं होतं, हे नाकारून चालणार नाही. २००१ साली उघड झालं की अमेरिकेत सोनी कंपनीच्या जाहिरातींत ज्याची स्तुती छापून येत होती, तो डेव्हिड मॅनिंग नावाचा समीक्षक अस्तित्वातच नव्हता. कंपनीच्याच माणसाने तो तयार केला होता. पुढे २००५ मध्ये कंपनीने १५ लाख डॉलरची तडजोड केली. २०२३ साली एका अमेरिकी प्रसिद्धी कंपनीने फारसं नाव नसलेल्या समीक्षकांना पैसे देऊन परीक्षणं लिहून घेतल्याचं प्रकरण बाहेर आलं.

वाचकाला स्वतःचं रक्षण करणं तितकंसं अवघड नाही. पोस्टरवरच्या पाच स्टारखाली बारीक अक्षरात कोणाचं नाव आहे ते वाचा. नाव नसेल किंवा कधी ऐकलेलं नसेल तर ती जाहिरात समजा. ओळीत तीन टिंबं दिसली तर मूळ परीक्षण शोधा, कारण 'अभिनय अप्रतिम, पण सिनेमा निराश करतो' यातला एकच शब्द उचलून 'अप्रतिम' छापता येतो. आणि ज्या समीक्षकाला गेल्या वर्षभरात एकही सिनेमा नावडलेला नाही, त्याच्या पाच स्टारना मोल देऊ नका.

समीक्षकांचं कोण ऐकतं?

मोठ्या सिनेमाच्या बाबतीत फार कोणी नाही. १५ ऑगस्ट १९७५ ला 'शोले' लागला तेव्हा पहिल्या दिवसांत तो पडला असंच बोललं गेलं, आणि मग मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षं चालला. तरीही निर्माते परीक्षणांना घाबरतात. डिसेंबर २०२४ मध्ये तमिळ निर्मात्यांच्या संघटनेने पहिले तीन दिवस ऑनलाइन परीक्षणांवर बंदी घाला, अशी मागणी मद्रास उच्च न्यायालयात केली. न्यायालयाने तशी बंदी घालायला नकार दिला. मला तो नकार योग्य वाटतो. तीन दिवस गप्प बसवलं तर मोठ्या जाहिरातीच्या सिनेमाचं काही बिघडणार नाही. जाहिरातीला पैसे नसलेला लहान सिनेमा मात्र त्या तीन दिवसांतच मरतो.

मराठीत हे दर महिन्याला दिसतं. नट ओळखीचे नाहीत, अख्ख्या मुंबईत मोजके शो, तेही कुठे सकाळी साडेदहाला, कुठे दुपारी तीनला. सोमवारपासून शो कमी व्हायला लागतात आणि पुढच्या शुक्रवारी त्यांच्या जागी नवा सिनेमा येतो. अशा सिनेमाला शुक्रवारी दुपारपर्यंत कोणी नीट दोन ओळी लिहिल्या तर शनिवार-रविवारी चार जास्त माणसं येतात. म्हणूनच 'आपला मराठी सिनेमा' म्हणून प्रेमापोटी वाढवून दिलेला अर्धा स्टार मला घातक वाटतो. सुमार सिनेमाला तीन आणि खरोखर चांगल्यालाही साडेतीन मिळत गेले, तर वाचक दोन्हींवरचा विश्वास सोडतो आणि मार खातो तो चांगला सिनेमा.

यावर माझा उपाय साधा आहे. दोन-तीन समीक्षक निवडावेत आणि सिनेमा पाहून आल्यावर त्यांचं पूर्ण परीक्षण वाचावं. वर्षभर असं केलं की त्यांचा कल कळतो. ज्याच्याशी तुमचं ठरावीक बाबतीत नेहमी बिनसतं, तोही तितकाच उपयोगी. त्याने 'फार गप्प सिनेमा' लिहिलं की मी तिकीट काढते. मतं समोरासमोर ऐकायची असतील तर फिल्म सोसायटी हा मार्ग मुंबईत अजून आहे. प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून हे काम करतं आहे. सिनेमा दाखवायचा, मग त्यावर बोलायचं. 'वास्तव रूपवाणी' हे सिनेमाला वाहिलेलं नियतकालिकही याच मंडळाने काढलं. तिथे सिनेमाला स्टार देण्यापेक्षा त्यावर वाद घालणं महत्त्वाचं मानतात.